जन्मस्थान: उदगीर

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. महिन्याभराने मी हैदराबादेतलं, आबिड्सचं ऑफिस पुन्हा उघडलं. मराठी आणि उर्दू कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर शिक्का मारणं हे माझं काम. ती मूळ कागद मोठ्याने वाचायची, मी भाषांतर ताडून पाहायचो. आता दोन्ही मीच करतो. वेळ लागतो.

पहिली फाईल मेघनाची होती. जामबागेतली नर्स, कायमची कॅनडाला निघालेली. शुक्रवारपर्यंत कागद अपलोड झाले नाहीत तर नोकरीची ऑफर जाणार होती. पासपोर्टवर जन्मस्थान हैदराबाद होतं. मराठी शाळेच्या दाखल्यावर उदगीर.

"तुझा जन्म कुठला?"

"इथलाच, काका. उदगीर मी बघितलंसुद्धा नाही."

शाळेत नाव घालताना कुणीतरी "गाव कोणतं?" असं विचारलं असणार. वडिलांनी, आपण सगळेच सांगतो तसं, पूर्वजांचं गाव सांगितलं. ते जन्मस्थानाच्या रकान्यात गेलं.

"तुम्ही इंग्रजीत हैदराबादच लिहा ना. तिकडे मराठी कोण वाचतंय?"

"कागदावर आहे तेच लिहायचं. वडिलांचं ॲफिडेव्हिट जोडू, म्हणजे शपथेवर केलेला खुलासा. आई असेल तर तिचंही चालेल."

"आई नाही. बाबांनाच आणते."

दुसऱ्या दिवशी वडील आले. मी मसुदा वाचून दाखवला: जन्म हैदराबादचा, उदगीर ही नोंद चुकीची.

"चुकीची? नक्को साहेब. उदगीरच आमचं गाव. ही देश सोडून चालली, आता गावपण खोडू?"

"बाबा, उदगीरला आपलं कोण आहे?"

"कोणी नाही म्हणून काय झालं?"

"तुमच्या आजोबांनी उदगीर सोडलं, तेव्हा कुणाची सही घेतली होती?"

वडील माझ्याकडे वळले. म्हणाले, "बघा, कशी बोलायला शिकली पोट्टी." पण सहीला तयार झाले नाहीत.

मी मसुदा परत घेतला आणि 'चुकीची' हा शब्द काढला. लिहिलं: जन्म हैदराबादचा, उदगीर हे कुटुंबाचं मूळ गाव, शाळेत ते जन्मस्थानाच्या रकान्यात लिहिलं गेलं. वडिलांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"म्हणजे गाव राहतं ना याच्यात?"

"राहतं."

"हौ. मग चला नोटरीकडे."

नामपल्लीला रिक्षातून जाताना मेघना म्हणाली, "तिकडे कुणी गाव विचारलं तर मी हैदराबाद सांगणार, बाबा."

"सांग. विचारणारा भेटू दे आधी."

मेघना फाईल घट्ट धरून बसली.

कागद गुरुवारी अपलोड झाले आणि मंजूरही झाले. तेव्हापासून दाखल्यात 'गाव' दिसलं की मी आधी विचारतो, जन्माचं की घराण्याचं?

मेघना तिकडे नोकरी करते. जामबागेत वडील एकटे राहतात.