आई माझ्या कॉलेजात

आई शिवणकामाला बाहेर जायला लागली ती माझ्या फीसाठी. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे सगळं उलटंच झालं.

सावर्ड्यात हायवेला लागून एक बंद पडलेली भातगिरण होती. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी ती घेतली आणि तिथे कपड्यांचा कारखाना काढला. कामाला येणाऱ्या सगळ्या बायका त्यांना ताई म्हणत. कारखाना म्हणजे ओळीने मांडलेल्या मशिनी, मागच्या पडवीत कापड रंगवायची मोठी पातेली आणि दोरीवर वाळत घातलेले तपकिरी तागे. आमच्याकडे खैराचा कात पूर्वीपासून होतो, पण पानात खायच्या काताने कुर्ता रंगवायचा हे गावाला नवीन होतं. कापताना उरलेल्या चिंध्यांच्यासुद्धा पिशव्या व्हायच्या. बायकांना पगार वेळेवर मिळायचा आणि विक्रीतला काही भाग शिक्षणासाठी बाजूला ठेवलेला असायचा.

मी तेव्हा बारावी सायन्सला गटांगळी खाऊन चिपळूणला कॉमर्सला प्रवेश घेतला होता. बाबांची सावर्डे स्टँडवर रिक्षा. त्यांची ओढाताण बघून आई ताईंकडे कामाला लागली आणि एक दिवस त्यांना म्हणाली, "त्या शिक्षणाच्या पैशांतून माझ्या मुलीची फी भराल का?"

ताई म्हणाल्या, "ते पैसे मुलांसाठी नाहीत. इथे काम करणाऱ्या बाईला स्वतःला शिकायचं असेल तर आहेत. तुम्हाला शिकायचंय?"

आई हे घरी सांगताना हसत होती. बाबाही हसले. मला वाटलं, विषय संपला. पण दोन-तीन दिवसांनी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता, आमच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "मी हो म्हटलंय."

माझी फी तिच्या पगारातून गेली आणि तिची फी कारखान्याने भरली. त्यामुळे मला तक्रार करायला तोंडच नव्हतं. आईचं शिक्षण दहावीनंतर लग्नामुळे सुटलं होतं. तिने बाहेरून बारावी दिली आणि पास झाली. मग मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. त्यांचे तास रविवारी भरायचे, चिपळूणला, माझ्याच कॉलेजात. सोमवारी मी ज्या बाकावर बसे, त्यावर आदल्या दिवशी आई बसून गेली असेल, हा विचार मला सहन व्हायचा नाही.

मैत्रिणी म्हणायच्या, "कसली भारी आहे गो तुझी आई!" मी हसायचे आणि विषय बदलायचे. एकदा मराठीचे सर जिन्यात भेटले; रविवारचे तासही तेच घ्यायचे. दोन वर्षं मी त्यांच्या समोर बसत होते, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. ते थांबून म्हणाले, "सावर्ड्याच्या त्या बाई तुझ्या आई ना? फार छान प्रश्न विचारतात हो." त्या दिवशी मी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले आणि घरी आल्यावर आईशी धड बोलले नाही.

बाबांचं तर विचारू नका. आमच्या घरात बाबांनी कधी चूल पेटवली नव्हती, गॅस आल्यावरही नाही. आईच्या परीक्षेच्या सकाळी मात्र ते उठून चहा करायला लागले. दूध उतू घालवलं, साखर जास्त पडली, पण केला. माझ्या परीक्षांना त्यांनी फक्त रिक्षातून स्टँडवर सोडलं होतं, तेही वाटेत पॅसेंजर मिळाला तर घ्यायचा, या हिशेबाने. कारखान्याच्या प्रत्येक कपड्याला एक पुठ्ठ्याचं लेबल असायचं. त्यावर शिवणाऱ्या बाईचा फोटो आणि खाली ती काय शिकते तेवढं एक वाक्य. आईचं लेबल छापून आलं तेव्हा बाबांनी ते रिक्षात, गणपतीच्या शेजारी चिकटवलं. प्रत्येक पॅसेंजरला सांगायचे, "आमच्या मिसेस. बी.ए. करताहेत." दहावीला मला चांगले मार्क मिळाले होते, तेव्हा पेढे वाटून झाले की संपलं होतं.

सुरुवातीला आई मला काय काय विचारायची. एकदा अर्थशास्त्रातलं काहीतरी होतं, मागणी आणि पुरवठा. मी घाईघाईत, तिला मुळीच कळणार नाही अशा वेगाने सांगून टाकलं. तिने मान हलवली आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर ती कारखान्यातल्या एका बौद्धवाडीतल्या बाईबरोबर अभ्यास करायला लागली. जेवायच्या सुट्टीत दोघी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून एकमेकींना धडे सांगायच्या. आई घरी येऊन तिच्याबद्दल सारखी बोलायची. मग मला त्या बाईचाही राग यायला लागला.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कारखान्यात दोन परदेशी पाहुण्या आल्या. त्यांच्या दुकानात हे कपडे जाणार होते. रविवार होता, पण पाहुण्यांसाठी कारखाना चालू होता आणि आईने तास बुडवला होता. तिचा डबा घरी राहिला होता, म्हणून मी तो द्यायला गेले होते. ताई एका पाहुणीला घेऊन पातेल्यांपाशी होत्या. दुसरीला आईशी बोलायचं होतं. ताईंनी तिथूनच मला हाक मारली, "अगं, जरा आईचं इंग्रजीत सांग ना त्यांना."

पाहुणी आईच्या मशिनीशेजारी स्टुलावर बसली. तिने विचारलं, या वयात शिकावंसं का वाटलं? मी आईला मराठीत सांगितलं. उत्तर मला ठाऊकच होतं. मुलीसाठी, घरासाठी, असंच काहीतरी. मनात इंग्रजी वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.

आईने हातातला कुर्ता मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला हिचा हेवा वाटायचा."

पाहुणी वाट बघत होती. मग मी इंग्रजीत सांगितलं की आईला माझा अभिमान वाटायचा, म्हणून तिलाही शिकावंसं वाटलं. पाहुणी खूश होऊन मान डोलवायला लागली.

आई माझ्याकडे बघत होती. "प्राउड म्हणालीस ना?"

"हो."

"मी तसं नाही म्हटलं. हेवा म्हटलं. तसंच सांग तिला."

"आई, बरं दिसतं का ते?"

"मला वाटायचा तर वाटायचा. त्यात लपवायचं काय?"

मग मी खरं ते सांगितलं. जेलस हा शब्द तोंडातून काढताना माझेच कान तापले. पाहुणी हसली नाही. तिने आईचा हात हातात घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो. वाटेत मीच विचारलं, "कसला हेवा वाटायचा गं? मी तर सायन्सला आपटले."

"मार्कांचा नाही गो. तू पुस्तक घेऊन बसलीस की हाक मारली तरी तुला ऐकू यायची नाही. मला सगळं ऐकू यायचं. दूध, कुकर, तुझ्या बाबांच्या रिक्षाचा हॉर्न. मला वाटायचं, असं एकदा तरी आपल्याला काही ऐकू येऊ नये."

खूप पुढे गेल्यावर मी म्हटलं, "मला पण तुझा वाटतो. हल्ली."

"ठाऊक आहे, बाय. तोंडावर दिसतं तुझ्या." ती रागावली नव्हती. उलट जरा सुखावल्यासारखी वाटली.

मी बी.कॉम. झाले आणि आता चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते. आईने सगळे पेपर पार पाडून बी.ए. पूर्ण केलं. कारखान्यात नव्या येणाऱ्या बायकांना शिकायला तयार करण्याचं काम आता तिच्याकडे आहे. ती त्यांच्या घरी जाते, सासवांशी गप्पा मारते आणि बहुतेक वेळा काम करूनच येते. मी काउंटरवर बसलेली असले की लोक विचारतात, त्या अमुक बाईंची मुलगी का तुम्ही? मी हो म्हणते. हो म्हणताना आत काही टोचत नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "एम.ए. करावं म्हणते."

"कर की," मी म्हटलं आणि आत जाऊन भांडी घासायला घेतली. मी ती जरा जोरातच आदळत होते.

आई दारात येऊन उभी राहिली. "तू पण करतेस का? बसू दोघी."

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.