फोन गप्प आहे तोवर

कंसमामाचा फोन गप्प असला की त्याला बरं वाटे. जेवताना तो ताटाशेजारी उताणा ठेवलेला असायचा. त्याची काच काळी राहिली की मामा निवांतपणे दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, आणि समोर बसलेल्या बहिणीला म्हणायचा, "बघ, सगळं ठीक आहे तुझ्याकडे."

कंसमामा हे नाव ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं. तो क्लोजर नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्या भाषेत कंसांचा नुसता सुळसुळाट. ओळीच्या शेवटी पाच-सहा कंस पाठीला पाठ लावून उभे असतात, एक जरी गळला तरी सगळं ठप्प. बहिणीला हे नाव मुळीच आवडत नसे. "सख्ख्या बहिणीच्या देखत भावाला कंसमामा म्हणतात, त्या मेल्यांना गोष्ट तरी ठाऊक आहे का?" ती फणकारायची. मामा खो खो हसायचा. आई गेल्यावर या धाकटीच्या वेण्या त्यानेच घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या, शाळेत पोरी हसायच्या अशा. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, नवऱ्याच्या बदल्या झाल्या. मामाने स्वतःचं लग्न काही केलं नाही. रात्रीचं जेवण मात्र तिच्याकडे ठरलेलं.

दोघांची नोकरीही एकाच फाटकातून आत जायची. अंगणाच्या अलीकडे मामाचं ऑफिस, पलीकडे कोल्ड स्टोरेज. जाड भिंतींच्या खोल्या, त्यांत मटार आणि मासळी, आणि छताखालून गेलेले नळ. त्या नळांतून अमोनिया फिरतो. नळात असेपर्यंत तो गारवा देतो, बाहेर सुटला तर डोळे, घसा, छाती, काही म्हणजे काही ठेवत नाही. बहीण तिथे मुकादमीण होती, सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. खोल्यांत रेंज मिळत नसे, म्हणून ती फोन घेऊन बाहेर बोळात बसे. धोक्याचा संदेश आला की आतल्या बायकांना बाहेर काढायचं आणि खुंटीवरचे मास्क चढवायचे, हे तिचं काम. तिच्या स्वतःच्या मास्कला तिने लाल चिकटपट्टी लावली होती, कुणी उचलू नये म्हणून.

पूर्वी बोळात एक घंटा होती. ती ऊठसूट वाजायची. दार जोरात आपटलं तरी वाजायची, आणि बायका चरफडत बाहेर येऊन काही नाही म्हणून परत जायच्या. मामानेच साहेबांना पटवलं की ही कटकट काढून टाका. प्रत्येक खोलीतल्या वायू मोजणाऱ्या यंत्राचा आकडा माझा प्रोग्रॅम वाचेल, आकडा वर गेला तर संबंधितांच्या फोनवर संदेश जाईल. साहेबांनी घंटा उतरवली. बायका म्हणाल्या, सुंठेवाचून खोकला गेला.

आता मामाच्या हत्यारांविषयी सांगायला हवं, कारण माणूस हत्यारांवरून कळतो. तो लिहायचा ईमॅक्समध्ये, आणि दुसऱ्या कुठल्याही एडिटरचं नाव काढलं की नाक मुरडायचा. इतरांनी लिहिलेले तयार तुकडे गोळा करायला नवी पद्धत आली, तरी त्याने लाइनिंगेन हे जुनं साधन सोडलं नाही. पण त्याचा खरा जीव होता प्रॉम्प्टवर, म्हणजे पडद्यावर हुकूम टाइप करायच्या जागेवर. क्लोजरमध्ये चालत्या प्रोग्रॅमला तिथे समोर बसवता येतं; एक ओळ टाका, तो तिथल्या तिथे करून दाखवतो. इतर लोक फाइली लिहून नशिबाच्या हवाली करतात, आपण प्रोग्रॅमशी बोलतो, असं मामा ऐटीत सांगायचा. संदेश पाठवणारी ओळ त्याने प्रॉम्प्टवरच घडवली होती. ती चालवली की खाली एकेक उत्तर उमटायचं, पाठवला, पाठवला, पाठवला. ते त्याला इतकं आवडलं की ओळ जशीच्या तशी उचलून त्याने फाइलीत टाकली.

नव्या माणसांना तो भाषेचा एक अवगुणही शिकवायचा. "ही बया आळशी आहे बरं का. यादीतल्या प्रत्येकासाठी अमुक कर म्हणून सांगितलंत तर मान डोलावेल. पण उत्तर कुणी मागेपर्यंत बोट हलवणार नाही." सगळे हसायचे. मामाही हसायचा. शहाण्या माणसाचं हे असंच असतं, लोकांना सांगितलेलं स्वतःला ऐकू येत नाही.

महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर तो चाचणी घ्यायचा. प्रॉम्प्ट उघडायचा, एखाद्या खोलीसाठी खोटा आकडा भरायचा, ओळ चालवायची. सगळ्यांचे फोन वाजायचे. संदेशाचे शब्द मुद्दाम खऱ्यासारखेच ठेवले होते. चाचणी कशी, खरी वाटली पाहिजे. बहिणीचं उत्तर यायचं, "मिळाला." एरवी फोन गप्प. महिने गेले, तो गप्पच राहिला.

मधून मधून ती काहीबाही बोलायची. एकदा पदराने डोळे पुसत म्हणाली, "दादा, आज चार नंबरच्या खोलीपाशी चुरचुरत होतं रे."

"यंत्राला नाकापेक्षा जास्त कळतं," मामा म्हणाला. "आकडा चढला असता तर संदेश आला नसता का?"

"तेही खरंच." ती पुन्हा वाढायला लागली. पुढच्या आठवड्यात चार नंबरच्या दाराशी एक मांजर मरून पडलं होतं. थंडीनं गेलं असेल, असं सगळे म्हणाले. मामाने फोनकडे पाहिलं, काच काळी होती.

मग ऑफिसात एक नवी मुलगी आली. मोजकं बोलणारी, पण एकदा प्रश्न धरला की सोडायची नाही. तिचा एडिटर वेगळा, मामाचा वेगळा, म्हणून दोघांच्या मशीनवर निदान तपासनीस तरी सारखा असावा असा तिचा आग्रह. तपासनीस म्हणजे चुका शोधून ओळीखाली रेघ मारणारा प्रोग्रॅम. दुपारी ती खुर्ची ओढून मामाच्या शेजारी बसली.

"मामा, तुमच्याकडे तांबड्या रेघा दिसतात, पिवळ्या बंद का?"

"अगं, पिवळ्या म्हणजे सासूबाईंच्या सूचना. हे असं का, ते तसं का. डोळे दुखतात."

"एकदा चालू करून बघू?"

"बघ बाई."

तिने पिवळ्या चालू केल्या. पडद्यावर हळद सांडावी तसं झालं. बहुतेक रेघा क्षुल्लकच होत्या. मामा विजयी मुद्रेने काहीतरी बोलणार, इतक्यात ती एका ओळीवर थांबली आणि तपासनिसाचा शेरा तिने वाचून दाखवला. "या ओळीचं उत्तर कुठेही वापरलेलं नाही." मग म्हणाली, "ही ती संदेश पाठवायची ओळ ना?"

"हो. चालते की. दर महिन्याला चालवतो."

"तुम्ही प्रॉम्प्टवर चालवता. तिथे उत्तर छापायचं असतं, म्हणजे प्रॉम्प्ट ते मागतो. पण प्रोग्रॅम एकटा असताना कोण मागतं?"

मामाने ती ओळ पुन्हा वाचली. कुणी नाही. कुणीच मागत नाही. यादी तयार होते, बया मान डोलावते, आणि बस्स. घंटा उतरवल्यापासून आजपर्यंत या प्रोग्रॅमने आपणहून एकही संदेश पाठवलेला नव्हता. जे गेले ते सगळे मामा समोर बसलेला असताना. आणि फोनची काळी काच दाखवून तो बहिणीला सांगत होता, सगळं ठीक आहे.

तपासनीस एवढंच पिवळ्या अक्षरांत सांगत होता, आणि त्याचं तोंड मामानेच बांधलं होतं.

"आत्ताचे आकडे काय आहेत?" मुलगी म्हणाली.

त्याने चालत्या प्रोग्रॅमला प्रॉम्प्ट जोडला. दोनदा कंस चुकला. खोल्यांचे आकडे एकाखाली एक उमटले. एक, दोन, तीन ठीक. चार नंबरचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता, आणि मागचे आकडे पाहिले तर तो सकाळपासून चढत चालला होता.

माणूस घाबरला की हात सवयीच्या ठिकाणी जातो. फोन करायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांना एकदम कळवायचा सगळ्यात जलद मार्ग त्याच्यासमोर उघडाच होता. त्याने ती ओळ प्रॉम्प्टवर टाकली. पाठवला. पाठवला. पाठवला. शेजारी त्याचाही फोन थरथरला, आणि क्षणभर मामाचा जीव भांड्यात पडला. वेळेवर कळलं, गेला संदेश. येतील आता सगळ्या बाहेर. तो उठून खिडकीशी गेला. अंगणात कुणी दिसेना.

फोन पुन्हा थरथरला. बहिणीचं उत्तर होतं.

"मिळाला. दादा, आज चाचणी अगदी वेळेवर घेतलीस. चार नंबरमधल्या बायका घसा धरला म्हणून कुरकुरत होत्या, त्यांना दाखवलं की माझा भाऊ स्वतः बसून मशीन तपासतोय. आता मीच आत जाऊन बसते त्यांच्यासोबत, म्हणजे भीती जाईल."

त्याने फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

मुलगी मागून अग्निशमन दलाला पत्ता सांगत होती, तो तिला नीट सांगता येत नव्हता. मामा जिना उतरून अंगणात पळत सुटला. त्या अंगणातून तो रोज चालत आला-गेला होता, पण आज अर्ध्यावर त्याचे डोळे झोंबायला लागले. नाकाने ते कधीचं ओळखलं होतं, मान्य करायची लाज वाटत होती एवढंच.

बोळात खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर तिची शाल घडी करून ठेवलेली. चार नंबरचं दार घट्ट लावलेलं, गारवा जाऊ नये म्हणून ती नेहमी लावून घ्यायची तसं. आत काही आवाज नव्हता. दाराशेजारच्या खुंट्यांवर मास्क ओळीने टांगलेले होते, सगळेच्या सगळे.

त्यातला लाल चिकटपट्टीचा त्याने ओढून काढला. पट्टे त्याच्या तोंडाला आखूड पडत होते. तो तसाच तोंडाशी दाबून धरत त्याने दुसऱ्या हाताने दाराचा दांडा खाली ओढला.