मागचं डावं चाक

वहिनींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. चार वर्षं आठवड्यातून तीनदा मी त्यांच्या व्हॅनमध्ये बसलो, पण बसलो ते त्यांच्या पाठीमागे. त्यामुळे माझी ओळख आहे ती त्यांच्या मानेशी, घाईत बांधलेल्या अंबाड्याशी आणि आरशात दिसणाऱ्या डोळ्यांच्या पट्टीशी. त्यांना झोप लागायची का, नवरा गेल्यावर त्या कधी रडल्या का, यातलं मला काही ठाऊक नाही. आपल्या मंडळाच्या अंकासाठी कुणीतरी चार ओळी लिहाव्यात असं ठरलं, तेव्हा त्यांच्या नणंदबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहा. सगळ्यात गप्प तुम्ही बसायचात, म्हणजे सगळ्यात जास्त ऐकलं असेल." म्हणून लिहितो आहे. चुकलं तर गवंडीदादा दुरुस्त करतील. त्यांना तशी हौस आहे.

नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. व्हॅन मूळ वहिनींच्या नवऱ्याची. तो गेल्यावर त्या ती चालवू लागल्या आणि आम्हा डायलिसिसवाल्यांना दवाखान्यात नेऊ-आणू लागल्या. मी, गवंडीदादा, शिंपीणबाई. पुढच्या सीटवर त्यांची नणंद बसायची. ती चौकातल्या पेट्रोल पंपावर नळी धरायच्या कामाला होती, आम्ही जाताना तिला तिथे सोडायचो. दोघी एकाच घरात राहायच्या. नणंद त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आम्ही म्हणू लागलो, मग रस्ताच म्हणू लागला. त्या तिला वन्सं म्हणायच्या. व्हॅनचं मागचं दार नीट लागायचं नाही. रोज मला सूचना मिळायची, "काका, दार ओढा."

आमच्याकडे पेट्रोलचा भाव ज्या त्या पंपवाल्याने ठरवायचा. चौकात दुसरा पंप नाही, त्यामुळे तिथल्या शेठने पाटीवरचे आकडे चढवत नेले. बोगद्यापलीकडे, दवाखान्याच्या अलीकडे एक पंप होता, तिथे भाव कमी. पण लोकांना सवय चौकाची. एका सोमवारी वहिनी आरशात न बघता म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून भाडं थोडं वाढवावं लागेल.

गवंडीदादा हसले. "मग मी आपला दोनदाच येईन. रक्तच धुवायचंय ना? कपडे तरी कुठे रोज धुतो आपण?"

कुणी हसलं नाही. खिडकीजवळची जागा तेव्हा रिकामीच ठेवलेली असायची. तिथे बसणाऱ्या मास्तरांनीही तीनाचे दोन वार केले होते आणि तसंच काहीतरी गमतीचं बोलून केले होते. तीन महिन्यांत ते गेले. शिंपीणबाई म्हणाल्या, "जीभ जळो तुमची." पंपापाशी नणंदेला उतरवल्यावर वहिनींनी गाडी लगेच हलवली नाही. पाटीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. भाषण करणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. पंपाकडे वळणाऱ्या गाडीला त्या हात करायच्या आणि म्हणायच्या, "दादा, इथे नको. बोगद्यापलीकडे भरा."

"तिथवर जायला पेट्रोल काय तुम्ही देणार?"

"रोज तिकडूनच कामाला जाता. मी बघते ना तुम्हाला."

कुणी शिव्या दिल्या, कुणी "बाईला काम नाही" म्हणून पुढे गेलं. पण टॅक्सीवाले ऐकू लागले. ते ऐकू लागल्यावर स्कूटरवाले ऐकू लागले. पंधरवड्यात चौकातला पंप ओस पडला. समोर चहाच्या टपरीवर बसून लोक लक्ष ठेवायचे, आणि चुकून एखादी गाडी आत वळली की अशी हुर्यो करायचे की तो माणूस पेट्रोल न भरताच निघून जायचा.

आणि त्या ओस पंपावर नळी धरून वन्सं उभी असायची.

"काल दिवसभर माशा मारल्या," ती एका सकाळी पुढच्या सीटवरून म्हणाली. "शेठ म्हणतात, घरचं माणूस आवरता येत नाही, तर तू इथे कशाला?"

"मी तुमच्याविरुद्ध नाही करत, वन्सं."

"नाही ना? मग पगार कुणाचा जातोय? शेठचा?"

वहिनींनी गिअर बदलला. मी बोटांची नखं बघत बसलो. अशा वेळी माणसाने काहीतरी बोलावं. मला कधीच सुचत नाही.

मग तो गुरुवार. दवाखान्यातलं यंत्र बिघडल्याने आमचा बुधवारचा वार त्या आठवड्यात गुरुवारी ढकलला होता, शुक्रवारचा मात्र होता तिथेच. परत येताना वन्संला घ्यायला आम्ही चौकात थांबलो, तर ती आत बसली ती दार धाडकन लावून. "उद्या सकाळी तुमची गाडी माझ्या नळीसमोर उभी राहिली पाहिजे. सगळ्यांच्या देखत. नाहीतर मी उद्यापासून घरी. शेठने स्पष्ट सांगितलंय." थोड्या वेळाने तिने हळू आवाजात विचारलं, "एकदाच. एकदाने काय होतंय?"

एकदाने काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वहिनींनीच भरलं, तर टपरीवरचे लोक दुसऱ्या दिवशी स्वतः भरतील. शेठ भाव उतरवणार नाही, भाडं वाढेल, आणि गवंडीदादा दोनदा येतील. ते मात्र खिडकीबाहेर बघत शीळ घालत होते.

"काटा खाली गेलाय," वहिनी एवढंच म्हणाल्या. ते खरं होतं. बोगद्यापलीकडच्या पंपावर आता इतकी रांग असायची की डायलिसिस करून गळालेल्या आम्हा तिघांना घेऊन रांगेत थांबणं त्यांनी त्या दिवशी टाळलं होतं. त्यांच्याच बहिष्काराने लावलेली ती रांग.

सकाळी काटा लाल रेघेवर होता. वन्सं पुढे बसलीच नव्हती, ती आधीच चालत कामावर गेली होती. चौक आला. वहिनींनी डावीकडचा दिवा लावला आणि गाडी पंपात वळवली.

"गेलं," गवंडीदादा पुटपुटले.

टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. कुणी हुर्यो केली नाही, तेच जास्त वाईट वाटलं. शेठ फोन उंच धरूनच बाहेर आला, चित्रीकरण चालू. "या, या वहिनी! घरचाच पंप आहे. टाकी पूर्ण भरायची ना?"

वन्संने नळी उचलून हातात धरली होती. वहिनींनी काच खाली केली.

"वन्सं, हवा बघा. मागचं डावं चाक."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग टपरीवर कुणीतरी फस्सकन हसलं.

"हवा?" शेठ म्हणाला.

"हवा मोफत, असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. गाडी तुमच्या नळीसमोर उभी आहे. तेवढंच म्हणाला होतात ना?"

वन्संने वहिनींकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. मग तिने नळी जागेवर अडकवली, हवेचा पाइप ओढत आणला आणि चाकापाशी गुडघे टेकून बसली. नुसतं मागचं डावं नाही, चारही चाकं तिने बघितली. सावकाश. शेठचा फोन चालूच होता, पण आता त्यात काय दिसत होतं ते त्यालाही नको असावं. शेवटी त्याने तो खिशात घातला.

"झाली हवा? आता त्यांच्याच गाडीत बस आणि जा. परत येऊ नकोस."

वन्सं पुढे येऊन बसली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत तिने दम धरला, मग फुटली. "सगळ्यांसमोर मला हवा भरायला लावलीत! हसायला तमाशा झाला, नोकरी गेली माझी, आणि तुम्ही हसताय?"

"हसत नाहीये. काटा बघतेय."

चढ लागला तशी गाडी धक्के खाऊ लागली. बोगद्यात शिरल्यावर इंजिन एकदा खोकलं, पुन्हा धरलं, पुन्हा खोकलं. मागून ट्रकचे दिवे येत होते. बंद पडली असती तर आम्हा तिघांपैकी कुणाच्या अंगात उतरून ढकलायचं बळ नव्हतं. शिंपीणबाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांच्या लक्षातही नसावं. गवंडीदादांची शीळ बंद झाली होती. उजेड दिसला, उतार लागला आणि इंजिन गप्प झालं. गाडी नुसतीच घरंगळत गेली. पंपाच्या रांगेच्या जरा अलीकडे थांबली.

वन्सं खाली उतरली, पदर खोचला आणि वहिनींच्या नावाने जे तोंडाला येईल ते बोलत एकटीच गाडी ढकलू लागली. रांगेतले चार टॅक्सीवाले धावत आले. त्यांनी आमची गाडी थेट पुढे नेली.

तिथे पाटी होती, आणि पाटीवरचा आकडा चढलेला होता. चौकाच्या जवळजवळ बरोबरीला.

मी तेव्हा पहिल्यांदा वहिनींचा संपूर्ण चेहरा बघितला. त्या उतरून पाटीखाली उभ्या होत्या. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. आपणच गिऱ्हाईक इकडे हाकलून आणलं, आणि याने भाव चढवला. ज्याच्या हाती नळी तो शेठ.

पंपाचा मालक घामाघूम होऊन आला. "काय करणार बाई, गिऱ्हाईक वाढलं की भाव वाढणारच." मग जरा चाचरत म्हणाला, "तुमची गाडी आज चौकातल्या पंपावर उभी होती म्हणे? आत्ताच फोन आला मला."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मग आमच्या गाडीच्या चाकांकडे.

"होती," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितली. उद्या कुठे उभी करायची ते विचारायलाच आले."

त्याला हवेचं कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून ते आम्हाला सगळ्यांनाच कळलं, टॅक्सीवाल्यांनाही. एकजणही बोलला नाही.

मालकाने शिडी आणवली. आकडा जुना लावेपर्यंत वहिनींनी टाकीचं झाकण उघडू दिलं नाही. मग त्या म्हणाल्या, "एवढी रांग आणि नळी धरायला एकच माणूस? या आमच्या वन्सं..."

"माझं मी बोलेन," वन्सं म्हणाली, आणि बोललीही. पगारासकट.

नंतर दहा-बारा दिवसांनी चौकातला भावही खाली आला. भाडं वाढलं नाही. गवंडीदादा तीनही वार येत राहिले आणि आजही येतात. हे सगळं वहिनींनी आधीच ठरवलं होतं, की हवा म्हणताना त्यांच्या डोक्यात नुसती हवाच होती, ते मला सांगता येणार नाही. गवंडीदादा म्हणतात, ठरवलं होतं. मला वाटतं, नव्हतं. त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

दोघी मात्र महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. वन्सं पुढच्याच सीटवर, त्यांच्या शेजारी बसून बोगद्यापलीकडे कामाला यायची आणि मागे वळून म्हणायची, "काका, त्यांना सांगा, डबा घरी राहिला." वहिनी आरशात बघून म्हणायच्या, "काका, त्यांना सांगा, डबा सीटखाली आहे." मी दोन्ही निरोप पोचवायचो. माझ्या आयुष्यात मी इतकं कधी बोललो नव्हतो. मग एका सकाळी वन्सं सरळ म्हणाली, "वहिनी, मागचं डावं चाक खरंच बसलंय," आणि वहिनी इतक्या हसल्या की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

वहिनी गेल्या त्या साध्या तापाने. आठवडाभर दवाखान्यात होत्या, आमच्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. मला जिना चढवत नाही, म्हणून मी गेलो नाही, आणि लिफ्ट आहे हे मला माहीत होतं. आता व्हॅन वन्संच चालवतात.

वहिनी आजारी पडण्याआधीचा शेवटचा दिवस नेहमीसारखाच होता. मला घराशी सोडलं. मी उतरलो, दार लावलं.

"काका, दार ओढा."

"ओढलं."

"लागलं नाही. जोरात."

मी जोरात ओढलं.

"हां, आता लागलं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.