पाचव्या शीलाला मिटलेलं तोंड

माझे वडील जयराम पगारे, आमचे दादा, पस्तीस वर्षं लोकांना दारू भरून देत होते. घ्या, सांगून टाकलं एकदाचं! हे एवढं वाक्य बोलायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि मी म्हणे शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवते.

देवळालीच्या लष्करी मेसमध्ये ग्लास धुण्यापासून दादांची सुरुवात झाली, मग नाशकात एका परमिट रूमचं काउंटर. हात असा बसलेला की मापाचा कप लागायचा नाही. घरीसुद्धा पाच जणांचा चहा पाच कपांत ओतायचे, थेंबाचा फरक नसे. एकदा माझ्या मैत्रिणी कौतुकानं बघत होत्या, तर मी फणकारले, "दादा, हा काय तुमचा बार आहे का?" त्यांनी किटली खाली ठेवली. माझ्यासमोर पुन्हा कधी चहा ओतला नाही.

विहारात पंचशील म्हणताना दादा चार शीलं खणखणीत म्हणायचे. पाचवं, दारूपासून लांब राहण्याचं, आलं की तोंड मिटून घ्यायचे. शर्टाला रोज वास यायचाच. मी धरूनच चालले, हे पितात. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ब्याऐंशीला माझं लग्न ठरलं तेव्हा मी सरळ ठोकून दिलं, "वडील सातपूरला कंपनीत स्टोअरकीपर आहेत." दादांनी ते निभावून नेलं. सासरचे आले की शिफ्टच्या, कँटीनच्या गप्पा मारायचे. कुणाकुणाला विचारून पाठ केल्या होत्या बिचाऱ्यांनी.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये ते रिटायर झाले. मालकानं शाल-नारळ दिला. मी गेले नाही. घरी सासूबाईंना काय सांगून निघणार होते?

पंधरा दिवसांनी बुद्धपौर्णिमा आली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी विहारात दादांच्या शेजारी बसले. माझ्या दुसऱ्या बाजूला सासूबाई. मी हळूच म्हटलं, "दादा, आता सुटलात. आज पाचवं म्हणा."

"मी कधी जिभेलासुद्धा लावली नाही गं," ते पुटपुटले. "पण पाजली ना? ती पुढं कमळाबाई बसलीये बघ. तिचा मंगळू पिऊन पिऊन गेला. त्याचे ग्लास मीच भरायचो. तिच्यादेखत कोणत्या तोंडानं म्हणू?"

माणूस पीतच नव्हता, आणि मी इतकी वर्षं नाक मुरडत होते!

तेवढ्यात पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. दादांचा आवाज तसाच खणखणीत. मी पाचव्याची वाट बघत होते. आणि चौथ्यालाच दादांनी तोंड मिटलं.

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

सहा वर्षं झाली होती माझ्या लग्नाला. माझ्यासाठी खोटं बोलायला लागल्यापासून दादांनी तेही सोडलं होतं. आणि मी, जिनं ते खोटं रचलं, दर पौर्णिमेला घसा ताणून म्हणत आले होते. आज मलाही ते म्हणवेना.

"काय गं विमल, गप्प का झालीस?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तेव्हाच खरं सांगायचं होतं. पण दादाच घाईनं पुढे वाकले.

"घसा बसलाय तिचा, विहीणबाई. सकाळपासून."

आणि मी मान डोलावली.