अन्नपूर्णेचे तांदूळ

खरं सांगते, गेल्या वर्षी मी देवीशी अबोला धरला होता. इथे कतारला, दोह्यात फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी चाललेली आणि आमचे हे अल थुमामाच्या स्टेडियमवर इंजिनिअर. घरी आले तरी कानाला फोन. दोन घास घशाखाली ढकलायचे आणि उठायचं. कित्येक महिन्यांत आम्ही दोघं धड समोरासमोर बसून जेवलो नव्हतो. लग्नात आईनं दिलेली चांदीची अन्नपूर्णा देव्हाऱ्यात तांदळावर बसलेली असे. एकदा रागाच्या भरात मी तिला म्हणाले, "कसली गं तू अन्नपूर्णा? माझ्या घरातला माणूस अर्धपोटी उठतो." त्या दिवसापासून दिवा लावायचा म्हणून लावायचे. तिच्याखालचे तांदूळसुद्धा बदलले नाहीत.

शेवटी ह्यांना चार दिवस सुट्टी मिळाली आणि आम्ही ग्रीसला गेलो. "घर बंद ठेवून देवीला उपाशी ठेवू नकोस हं," असं आईनं फोनवर बजावलं, म्हणून अन्नपूर्णा तांदळासकट स्टीलच्या डबीत घालून पर्समध्ये घेतली. बेटावर जाणाऱ्या बोटीत सगळे डेकवर फोटो काढत होते आणि हे रेंज शोधत येरझाऱ्या घालत होते. निळंशार पाणी, डोंगरावर पांढरी घरं, पण मला मेलं काहीच गोड लागेना. उतरल्यावर अरुंद पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. एका चिमुकल्या चर्चच्या कट्ट्यावर पाण्याची बाटली शोधायला मी पर्स रिकामी केली. शेजारी हे फोनवर "खलास, करून टाका" असं ओरडत होते. मी चिडून सामान भराभर आत कोंबलं आणि तरातरा पुढे निघाले.

दुपारभर गल्ल्या पालथ्या घातल्या. परतीच्या बोटीच्या रांगेत तिकिटं काढताना कळलं, डबी नाही.

"अगं, भारतात गेलो की नाशकात नवीन घेऊ. यल्ला, चल लवकर, बोट सुटेल. उद्या सकाळी माझी मीटिंग आहे," हे म्हणाले.

"तुम्ही जा. मी तिला इथे टाकून येणार नाही."

एवढं बोलून मी पायऱ्या चढायला लागले. रडू आवरेना. इतके महिने जिच्याकडे धड पाहिलंही नाही, तिच्यासाठी आता जीव कासावीस! अर्ध्या वाटेवर मागून धापा टाकल्याचा आवाज आला. हे होते. खाली बोटीचा भोंगा वाजला, तरी माझ्याबरोबर वर चढत राहिले.

कट्टा रिकामा होता. मी मटकन खाली बसले. म्हटलं, "बाई गं, तुझी इच्छा. मी हरले." तेवढ्यात शेजारच्या दारातून काळे कपडे घातलेल्या एका म्हातारीनं हातानं खुणावलं. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. तिनं आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिच्या देवाच्या तसबिरीखाली, दिव्याशेजारी, एका बशीत माझी अन्नपूर्णा बसली होती. खाली नवे, स्वच्छ तांदूळ. म्हातारीनं माझी डबी उघडून दाखवली. जुन्या तांदळात पोरकिडे वळवळत होते. तिनं लटक्या रागानं माझ्या हातावर चापट मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं आम्हाला बसवलंच. पाव, टोमॅटो आणि घेवड्याची उसळ. पुढची बोट थेट सकाळी होती, मीटिंग तर गेलीच. ह्यांनी फोन पालथा ठेवला आणि दोनदा वाढून घेतलं. "किती दिवसांनी जेवणाला चव लागली गं," म्हणाले. मी पदराआड डोळे पुसले.

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. स्टेडियमचं काम अजून चालू आहे, हे अजून उशिरा येतात आणि माझी तगमगही पुरती गेलेली नाही. फक्त आता ती देवीच्या पायाशी ठेवते आणि कामाला लागते. निघताना म्हातारीनं बशीतले तांदूळ माझ्या डबीत भरून दिले होते. ते प्रसाद म्हणून जन्मभर जपायचे, असं बोटीत ठरवलंही होतं. पण ती चापट आठवली. घरी आल्यावर पहिल्याच शुक्रवारी देवीखाली नवे तांदूळ घातले आणि म्हातारीनं दिलेल्या तांदळाचा भात लावला. ह्यांनी ताटात एक शीतही ठेवलं नाही.