मामांची टाच

तलवाड्याकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात तळं आटू लागलं, की सगळ्यांच्या नजरा मामांच्या पायांकडे वळायच्या. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, खाली मात्र लोण्यासारखा मऊ असतो. शेतात टाकायचा गाळ भरायला ट्रॅक्टर तळ्यात कधी घालायचा, हे सगळ्या गावाचे मामा अनवाणी टाच आपटून ठरवत. टाच आपटायची, मान तिरकी करून खालच्या ओलीचा अंदाज घ्यायचा, मग पुढचं पाऊल. "माजी टाच लई शानी हाय, डोस्कं तेवडं न्हाई," असं स्वतःच सांगायचे. मिरवायची भारी हौस त्यांना.

एका वर्षी पाऊस तोंडावर आला तरी आमच्या शेतात गाळ पडायचा राहिला होता. माझे वडील सारखे मामांच्या मागे लागले. मामांनी काठाजवळच टाच आपटली, मधे गेलेच नाहीत, आणि "जाऊ द्या" म्हणाले. ट्रॅक्टरवर त्यांचा सख्खा भाचा सुदाम होता. मधोमध चाक रुतलं, ट्रॅक्टर कलंडला आणि सुदामचा पाय खाली सापडला. तो वाचला, पण कायमचा लंगडा झाला. घाई आमची होती. बोल मामांनी एकट्यानं घेतला आणि आम्ही तो घेऊ दिला. त्याची टोचणी मला अजून आहे.

तेव्हापासून मामांचं मिरवणं संपलं. पहिल्या फेरीला ते स्वतः मडगार्डवर बसत. कुणी उतरा म्हटलं तर म्हणत, "रुतलं तर म्या बी असू दे की." सुदामकडे मात्र मान वर करून पाहत नसत.

गेल्या उन्हाळ्यात मामा अंथरुणाला खिळले होते. मी जवळ बसलो असताना सुदाम आला. "मामा, गाळ काढायचाय. तळं बघायला चला."

"मला कावून इचारतो रं? तुजा पाय म्या घालवला."

"तुमीच सांगायचं. तुमी न्हाई म्हनलं तर मी जानार न्हाई."

आम्ही चौघांनी त्यांना बाजेवरून तळ्याच्या मधोमध नेलं. मामांनी पाय खाली सोडून टाच टेकवली. "न्हाई. खाली वलं हाय. थांब." सुदामनं ट्रॅक्टर घरी नेऊन लावला. परत आला तेव्हा मामांनी त्याच्या अधू गुडघ्यावर हात ठेवला आणि ते ढसाढसा रडले.

गाळ वाळायच्या आत मामा गेले.

नंतर सुदामनं ट्रॅक्टर काठावर उभा केला, चपला काढल्या आणि लंगडत, टाच आपटत मधोमध जाऊन आला. तोवर मी मडगार्डवर चढून बसलो होतो.

"उतर बे, तुजं काय काम हाय?"

"घाई आमची होती, सुदाम."

त्यानं सीटवर चढून ट्रॅक्टर चालू केला. मग म्हणाला, "घट धरून बस."