मॅडमची ठमी झाली

रुग्णालयाच्या धुलाई विभागात इस्त्रीवर एक काका होते. तीस वर्षं चादरी दाबून त्यांचा उजवा खांदा खाली उतरलेला. बायको गेली, मुलगा दूर. घरी बोलायला भिंती. मी समोरच्याच टेबलावर घड्या घालायचे, पण आमचं बोलणं कामापुरतं.

वॉर्डातून गठ्ठे आणायला एक यंत्रगाडी आली. आपली आपण चालायची आणि बाईच्या आवाजात, साहेब लोकांच्या भाषेत बोलायची. निम्म्यांना ते कळायचं नाही, तरी ती दिसली की सगळे भिंतीला चिकटून वाट द्यायचे. नाव पडलं ‘मॅडम’. काका तर इस्त्री बाजूला ठेवून ताठ उभे राहायचे.

पुढे कुणीतरी कळत नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा कंपनीच्या माणसानं तिला आमच्या भाषेत बोलायला लावलं. काका, मावशी म्हणायलाही शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती दारात थांबून म्हणाली, “काका, जरा सरकता का?”

काकांनी मागं वळून पाहिलं. “मला म्हणाली?”

“तुम्हालाच,” मी म्हटलं.

तेव्हापासून ते तिच्याशी बोलू लागले. “आज उशीर गं?”

“लिफ्ट बंद होती, काका.”

“पाय दुखले असतील.”

“मला पाय नाहीत, काका.”

ते खो खो हसले. सोबत काम केलेल्या सात वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

बाकीच्यांनी मात्र तिची ‘ठमी’ करून टाकली. “ए ठमे, हो बाजूला!” म्हणत लाथ घालायचे. “वजन जास्त होतंय,” असं ती म्हणाली की, “नखरे नकोत!” हेच ती साहेबांच्या भाषेत म्हणाली असती, तर आम्ही चारदा सॉरी म्हटलं असतं. एकदा मीही दोन ओले गठ्ठे जास्तीचे लादले. उतारावर ती कलंडली, चाक मोडलं.

मुकादम म्हणाले, “पहिलीच भाषा ठेवा. घरच्या भाषेत धाक राहत नाही.”

काका पुढे झाले. “साहेब, तिची काय चूक? ती सांगतच होती.”

“अहो, गाडी आहे ती. तिला काय कळतंय?”

काका इस्त्रीकडे वळले. गठ्ठे माझे होते, पण मी तोंड उघडलं नाही.

आठवड्यानं ती दुरुस्त होऊन आली. काका जवळ गेले. “बरं आहे ना गं आता?”

ती थांबली. साहेबी भाषेत काहीतरी बोलली. मग पुन्हा तेच. बाकीचे भिंतीला चिकटले. काकाही सरकले. सरकताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

महिन्याभरात त्यांनी धुण्याच्या खोलीत बदली मागून घेतली.

“या वयात ओलं काम कशाला?” मी विचारलं.

“तिथं यंत्रांचा फार गोंगाट असतो,” ते म्हणाले. “कुणी बोललं नाही, तरी वाईट वाटत नाही.”